चोवीस पट

मी बंदुकांवर दुर्बिणी बसवून देतो. आत-बाशीच्या खोऱ्यात या कामात माझा हात धरणारा कुणी नाही असं लोक म्हणतात, आणि माझ्याइतका चिडका माणूसही दुसरा नाही असं तेच लोक म्हणतात. दोन्ही खरं आहे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, "केंजेबेक काका, किती पटीची घेऊ?" मी म्हणतो, "चार." ते म्हणतं, "अहो, लांबचं दिसायला हवं ना." मी म्हणतो, "लांबचं बघायचं असेल तर चंद्र बघ. रानबोकड मारायचा असेल तर चार." काही जण हसतात, काही जण रागावून शहराची वाट धरतात. गावात माझं नाव 'चार-पट काका' पडलं आहे. पडू दे.

चारच का, हे मला एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही. माझा थोरला भाऊ ओमुरझाक जन्मभर चार पटीनंच शिकार करायचा, त्याची आठवण म्हणून मी असं सांगतो, असं सगळ्यांना वाटतं. मीही कधी खोडून काढलं नाही.

गेल्या महिन्यात, दुपारच्या चहाच्या वेळी, तुमार अंगणात आली. तुमार म्हणजे ओमुरझाकदादाची मुलगी. अठरा सरून एकोणिसावं लागलेलं, उंचीनं बापावर गेलेली आणि जिभेनं आईवर. घोडा कुंपणाला बांधून ती सरळ माझ्या बाकाशी आली आणि दह्याचा डबा समोर आदळला. दर शुक्रवारी ती मला दही आणून देते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या घरी आपणहून येणारं माणूस म्हणजे ही एकटीच.

"काका, पेचकस खाली ठेवा. हात थरथरतोय तुमचा. गिऱ्हाइकानं बघितलं तर पळून जाईल."

"गिऱ्हाईक कुठंय? तू तर फुकटी."

"फुकटी नाही हं. कामाला लागले मी. वरच्या शिकारी कॅम्पवर वाटाडी म्हणून घेतलंय मला. पंधरा तारखेला पहिले पाहुणे येतायत."

"वाटाडी? तू? त्यांना माणसं मिळेनात वाटतं."

"माणसं मिळाली होती. माझ्याबरोबर कड्यापर्यंत चढली आणि अर्ध्या वाटेत बसली." ती हसली आणि बाकावर टेकली. "ऐका ना. बाबांची बंदूक नेणार आहे मी. पण तिच्यावरची जुनी काच पांढुरकी झालीय, काही दिसत नाही. तुमच्या ट्रंकेत आहे ना, ती द्या."

"कुठली?"

"चोवीस पटवाली."

पेचकस माझ्या हातून खरंच खाली पडला.

"ती खराब झालीय," मी म्हणालो.

"खोटं. आई म्हणाली, नव्यासारखी आहे."

"चार पटीची देतो. कोरी करकरीत. आत्ता बसवून देतो."

"मला तीच हवी. मला माहितीय, ती तुम्हाला नकोशी का आहे. पण धुकं होतं, काका. धुक्याला दुर्बीण काय करणार? त्या बिचारीचा काय दोष?"

ती इतक्या मायेनं बोलली की मला तिच्याकडे बघवेना. तिचा बाप माझ्या गोळीनं मेला, हे तिला जन्मापासून माहीत आहे. आमच्या खोऱ्यात अशी गोष्ट लपत नाही. धुकं होतं, दिसलं नाही, नशीब फुटलं, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि त्या धुक्याच्या आधारावर ती मला काका म्हणत होती, दही आणून देत होती, माझ्या थरथरत्या हाताची थट्टा करत होती. धुकं काढून घेतलं की हे सगळं जाणार, हे मला कळत होतं. आणि नाही काढलं तर ही पोरगी ती लांबलचक नळी डोळ्याला लावून कड्यावर जाऊन बसणार, जिथं तिच्याच कॅम्पची माणसं दगडाआडून ये-जा करतात. मी उठून ट्रंक उघडली, कापडात गुंडाळलेली ती दुर्बीण बाकावर ठेवली आणि तिला म्हटलं, "बस. आधी ऐक. मग न्यायची की नाही ते तू ठरव."

ती दुर्बीण आम्हाला एका परदेशी म्हाताऱ्यानं दिली होती. कुर्ट नाव त्याचं, डॉक्टर होता. दादानं त्याला त्या मोसमात मोठा रानबोकड मिळवून दिला होता आणि उतरताना त्याचा पाय मुरगळला तेव्हा तीन तास पाठीवर वाहून आणलं होतं. जायच्या दिवशी त्यानं आमच्या हिवाळी घराच्या अंगणात सतरंजीवर दोन दुर्बिणी मांडल्या. एक आखूड, दोन ते दहा पटीची. दुसरी हातभर लांब, सहा ते चोवीस पटीची. माझ्या बंदुकीवर तेव्हा काहीच नव्हतं. तो म्हणाला, यातली एक तुझी, निवड.

मी लांबडीवर हात ठेवला. विचार करायलाही थांबलो नाही.

दादा म्हणाला, "थांब की जरा. बाजारात खरबूज घेतानासुद्धा वाजवून बघतोस." त्यानं ती लांब दुर्बीण माझ्या हातात दिली आणि समोरच्या डोंगराच्या उताराकडे बोट केलं. "चोवीसवर ठेव. काय दिसतं?"

"दगड. त्याच्यावरचं शेवाळसुद्धा दिसतंय! मुंगी असती तर तीही दिसली असती."

"दगड कुठला?"

"कुठला म्हणजे? दगड."

"त्याच्या डावीकडे काय आहे?"

मी नळी डावीकडे हलवली. सगळं थरथरलं, आकाश आलं, मग गवत आलं, आणि मघाचा दगड काही पुन्हा सापडेना.

"आता ही घे," दादानं आखूड दुर्बीण दिली. "चारवर ठेव."

चारवर अख्खा उतार दिसला. दगड, त्याच्या खाली शेजाऱ्याच्या मेंढ्या, मेंढ्यांमागे गुराखी, गुराख्याच्या मागे त्याचं लंगडं कुत्रं.

"झालं तर," दादा म्हणाला. "याच्यात डोंगर दिसतो. त्याच्यात तुला पाहिजे तेवढंच दिसतं. आणि पाहिजे तेवढंच बघणारा शिकारी मला नको."

खरं तर यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण मी सव्वीस वर्षांचा होतो आणि खोऱ्यात कुणाच्याच बंदुकीवर तेवढी लांब दुर्बीण नव्हती. बुरुलवहिनी दाराशी चहाची किटली घेऊन उभी होती. आमच्यात सून सासरच्या माणसांची नावं घेत नाही, टोपणनावं ठेवते. मला ती 'धाकटे सरदार' म्हणायची आणि माझी एक संधी सोडायची नाही.

"देऊन टाका हो त्यांना मोठीच," ती दादाला म्हणाली. "धाकट्या सरदारांना बायको काही दिसत नाहीय कुठं. चोवीस पटीतून तरी दिसेल एखादी."

सगळे हसले, कुर्टला काही कळलं नाही पण तोही हसला, आणि त्या हसण्यात मी लांब दुर्बीण उचलली. दादानं माझा कान धरला, लहानपणी धरायचा तसा. "घे. पण माझं ऐकायचं. शोधायचं ते नुसत्या डोळ्यांनी. ओळखायचं ते सगळ्यात खालच्या पटीवर. आणि अंग अख्खं दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

तुमार इथपर्यंत हसत ऐकत होती. आईची थट्टा ऐकून तर तिनं टाळी दिली. तशी आई तिनं कधी पाहिलेलीच नाही.

त्याच नोव्हेंबरमधली गोष्ट. वहिनीला सातवा महिना लागला होता. लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते, म्हणून दादा घाटातल्या पिराच्या मजारला शिंगं वाहायचा नवस बोलला होता. मजारवर सगळेच शिंगं वाहतात, पण आमच्या घरची रीत अशी की नवसाची शिंगं मारलेल्या जनावराची चालत नाहीत. हिमात किंवा म्हातारपणानं आपणहून मेलेल्या बोकडाची डोंगरात सापडावी लागतात. दादा तीन महिने ती शोधत होता.

त्या दिवशी आम्ही पहाटे निघालो ते मांसासाठी. निघताना वहिनी दाराशी आली. आम्ही वर गेलो की तिचं सगळं काम दाराशीच चालायचं, गोवऱ्या रचणं, लोकर पिंजणं, सगळं. तोंड कड्याकडे. हिवाळी घरातून तो कडा सरळ समोर दिसतो. "रिकाम्या हातानं आलात तर दार उघडणार नाही," ती म्हणाली. "आणि शिरालगा माझा. आधीच सांगून ठेवते."

शिकारी परतताना वाटेत जो कुणी त्याला बघून 'शिरालगा!' म्हणेल त्याला शिकारीतला वाटा द्यावाच लागतो. मग तो शत्रू असो की भिकारी. नाही म्हणायची सोय नाही. वहिनी ही संधी कधी दुसऱ्याला मिळू द्यायची नाही. शेजारच्या म्हाताऱ्या आपापल्या दारात टपून असायच्या, पण ही सगळ्यांच्या आधी आमचे घोडे हेरायची आणि नवऱ्याकडेच वाटा मागायची. गाव हसायचं.

वर पोचल्यावर आम्ही कामं वाटून घेतली. दादा घोड्यावरून वळसा घालून कड्यामागे जाणार आणि जनावरं माझ्याकडे हाकणार. मी अलीकडच्या खिंडीत पालथा पडून वाट बघणार. तासाभरानं तीन रानबोकड वरून उतरले आणि समोरच्या एका मोठ्या काळ्या दगडाआड गेले. अडीचशे पावलांवर. त्यातल्या एकाची शिंगं मी कधी पाहिली नव्हती एवढी मोठी होती. मी दुर्बिणीचं कडं फिरवलं, सहावरून दहा, दहावरून सोळा, सोळावरून चोवीस. शिंगांच्या गाठी मोजायच्या होत्या मला. दगडाची कड त्या वर्तुळात धरून मी बसलो, आणि डोळा काचेवरून उचलला नाही.

बोकड दगडाच्या मागच्या घळीतून केव्हाच निघून गेले होते. ते मला नंतर पावलांच्या खुणांवरून कळलं.

मला दिसलं ते एवढंच. दगडाच्या कडेवरून शिंगाचं टोक आलं. मग आणखी वर आलं. जाड, वळलेलं, गाठीगाठींचं. दुसरंही आलं. मी गाठी मोजल्या, अकरा. शिंगांखाली राखाडी पाठीचा वीतभर तुकडा आला. चोवीस पटीत तो इतका जवळ होता की हात लावावा. काचेतली फुली माझ्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. ती त्या तुकड्यावर आली, आणि मी चाप ओढला.

त्या दगडाच्या खाली, पंधरा पावलांवर, मोकळ्या उतारावर दादाचा तांबडा घोडा उभा होता. चार पटीवर तो वर्तुळात आला असता. नुसता डोळा वर उचलला असता तरी दिसला असता.

दादाला शिंगं सापडली होती. कवटीसकट, पाठीवर दोरीनं बांधून, हातानं दगड धरत तो घोड्याकडे उतरत होता. मला सांगायला येत असणार. राखाडी होती ती त्याची मेंढीच्या कातड्याची बंडी.

"आणि धुकं?" तुमारनं विचारलं. तिचं हसू कधी गेलं ते मी पाहिलं नव्हतं.

"नव्हतं."

"थोडंसुद्धा?"

"आकाश धुतल्यासारखं होतं. चीनच्या बाजूची शिखरं दिसत होती."

मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. दादा पाव तास जिवंत होता. माझ्या मांडीवर होता. आमचं काही बोलणं झालं, ते मी तुमारला सांगितलं नाही. तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

मग मी त्याला त्याच्याच घोड्यावर आडवा बांधला आणि वरून माझा झगा पांघरला. शिंगं तिथं टाकून येववेना. ती त्यानं तीन महिने शोधली होती. ती खोगिराच्या मागे बांधली आणि दोन्ही घोड्यांचे लगाम धरून पायी उतरू लागलो. घर समोर दिसायला लागलं. वहिनी घरात असू नये, शेजारी गेलेली असावी, असं मी सारखं मनात म्हणत होतो. एक किलोमीटर राहिलं असेल. खात्री करून घ्यावी म्हणून मी बंदूक उचलली आणि तिच्या दुर्बिणीतून घराकडे बघितलं. कडं चोवीसवरच होतं.

वहिनी दारात उभी होती. माझ्या इतकी जवळ की कपाळावरचा घाम दिसला. चुलीवर मोठी कढई चढवलेली होती, तिची वाफ दिसत होती. तिनं डोळ्यांवर हात धरला, आमच्या घोड्यांकडे निरखून बघितलं, लादलेला घोडा बघितला, मागची शिंगं बघितली, आणि तिचा चेहरा आनंदानं उजळला. एका हातानं पोट सावरत ती दोन पावलं पुढं आली, दुसरा हात तोंडाशी धरला. तिचे ओठ मला दिसले. आधी ओठ दिसले, आणि मग, बऱ्याच वेळानं, वाऱ्यावरून आवाज आला.

"शिरालगाऽऽ!"

मी रडत नाही. त्याआधी रडलो नव्हतो आणि नंतरही नाही. पण त्या वेळी वाटेवर बसून मी जनावरासारखा ओरडलो. तिला वाटलं, मी ओ देतोय. तिनं हात हलवला.

पुढचं मी तुमारला थोडक्यात सांगितलं. वहिनी जवळ आली, तिनं झगा उचलला. किंचाळली नाही. कसं झालं, एवढंच विचारलं. मी म्हणालो, "धुकं होतं, वहिनी." तिनं माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून कड्याकडे बघितलं, आणि दादाचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली. दफन झाल्यावर गावच्या पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांनी मला मधे बसवलं, समोर नान ठेवला आणि म्हणाले, भाकरीवर हात ठेवून सांग. मी नानवर हात ठेवून सांगितलं, धुकं होतं. पोलीस आले, त्यांनीही तेच लिहून घेतलं. मी सुटलो. तेव्हापासून एकोणीस वर्षं नानचा पहिला तुकडा माझ्या घशात अडकतो आणि मला तो चहाबरोबर ढकलावा लागतो. शिंगं वहिनीनं स्वतः घाटात नेऊन मजारवर वाहिली. दोन महिन्यांनी तुमार जन्मली. वहिनी त्यानंतर कुठल्याही शिकाऱ्याला शिरालगा म्हणाली नाही. आणि मला तिनं पुन्हा 'धाकटे सरदार' म्हटलं नाही. 'ऐकलं का' एवढंच म्हणायची.

"झालं," मी तुमारला म्हणालो. "ही दुर्बीण. न्यायची तर ने. मला काका म्हणायचं की नाही, तेही तूच ठरव."

तुमारनं कापड बाजूला करून दुर्बीण हातात घेतली. कडं अजून चोवीसवर होतं. मी त्याला कधी हात लावला नव्हता. तिनं ते सावकाश मागं फिरवलं. सहावर येऊन ते अडलं. तिथून खाली ते जात नाही.

"आईनं पाठवलंय मला," ती म्हणाली. "ती म्हणाली, जा, ती दुर्बीण माग त्याच्याकडे. धुकं होतं म्हणाला तर दुर्बीण घेऊन ये, आपण ती नदीत टाकू. आणि खरं बोलला तर त्यालाच घेऊन ये."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे? तिला माहीत होतं?"

"हो. सगळं नाही. पण धुकं नव्हतं हे माहीत होतं. अहो, ती दिवसभर दाराशीच होती ना, कड्याकडे तोंड करून? सकाळपासून कडा तिला लख्ख दिसत होता. धुकं असतं तर तुमचे घोडे तिला दिसले असते का? तिनं हाक मारली असती का?"

एकोणीस वर्षं. दर ईदला मी त्या घरी जाऊन बसलो होतो. तिनं माझ्या पुढ्यात नान मोडला होता, चहा ओतला होता, आणि पहिला तुकडा ढकलताना मला बघितलं होतं.

"इतकी वर्षं गप्प का राहिली?"

"मीही विचारलं. ती म्हणाली, शिरालगा मी मागितला होता, द्यायचं त्यानं होतं." तुमार उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझा झगा खुंटीवरून काढून हातात दिला. "चला. अंधार पडायच्या आत."

तिनं घोडा पुढं चालवला, मी मागून. हिवाळी घराचं वळण आलं आणि मी समोर पाहिलं तर वहिनी दारात उभी होती. आता साठीला आली आहे, पाठ वाकली आहे, पण उभी त्याच जागी. मी रिकाम्या हातानं तिच्याकडे चालत गेलो. ते अंतर एवढं मोठं मला कधीच वाटलं नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "धुकं नव्हतं."

"पुढं," ती म्हणाली.

मी पुढं सांगितलं. चोवीस सांगितलं, अकरा गाठी सांगितल्या, तांबडा घोडा सांगितला. तिनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"तो बोलला का काही?"

हे तिनं दफनानंतरही विचारलं होतं. तेव्हा मी नाही म्हणालो होतो.

"बोलला," मी म्हणालो. "त्यानं मला विचारलं, कितीवर ठेवली होतीस? मी म्हटलं, चारवर. मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो, वहिनी. माझा कान धरून शिकवलेलं मी मोडलं, हे मला त्याला सांगवेना. त्यानं नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाला, चारवर? मग मी दिसलो कसा नाही? आणि मी काही बोलायच्या आत त्यानंच म्हटलं, धुकं आलं असेल. धुकं होतं ना रे? मी म्हटलं, हो दादा, होतं. तो म्हणाला, मग घरी तसंच सांग. आणि माझा कान धरायला हात वर केला, तो पोचला नाही."

तुमार घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडत होती. वहिनी रडली नाही. ती कड्याकडे बघत राहिली. ऊन उतरत होतं आणि कडा लख्ख दिसत होता, काळ्या दगडासकट.

"त्याचे डोळे चांगले होते शेवटपर्यंत?" तिनं विचारलं.

"चांगले होते. मला ओळखत होता. नळी बघितली त्यानं, कडं चोवीसवर होतं तेही बघितलं असेल. सहाच्या खाली ती जात नाही हे त्याला ठाऊकच होतं."

"घरी तसंच सांग, म्हणाला?"

"हो."

तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि दारातून बाजूला झाली, मला आत जाता यावं म्हणून.

"मग होतं धुकं," वहिनी म्हणाली. "या, धाकटे सरदार. चहा निवतोय."